पाण्याबरोबर वाहणारं यंत्र प्रवाह कसा मोजतं?

नदीचा वेग मोजायला पुलावरून पाण्यात फिरता पंखा सोडला की काम होतं, कारण पूल जागचा हलत नाही. भर समुद्रात असा पूल नाही. जहाज स्वतःच वाहतं आणि डोलतं. त्याच्या तारेला टांगलेलं वेगमापक मीटर लाटेबरोबर हिसके खातं आणि ते हिसकेही वेग म्हणून नोंदले जातात. तळाला नांगर टाकून उभी केलेली मीटरांची माळ हा चांगला उपाय आहे, पण ती एकाच जागेची आणि ठरावीक खोल्यांचीच माहिती देते. पृष्ठभागापासून तळापर्यंत दर काही मीटरवर पाणी कुठल्या दिशेला आणि किती वेगानं चाललंय हे हवं असेल, तर यंत्राचा जहाजाशी संबंध तोडावा लागतो. वजन लावायचं आणि सोडून द्यायचं.

मोकळं सोडलेलं यंत्र एकसारख्या गतीनं, न हिसकता बुडतं. अडचण वेगळीच उभी राहते. ते पाण्याबरोबर आडवं वाहू लागतं. भोवतीचं पाणी सेकंदाला एक मीटर वेगानं पूर्वेला जात असेल, तर थोड्याच क्षणांत यंत्रही जवळजवळ तेवढ्याच वेगानं पूर्वेला जातं. आडव्या दिशेचा वेग मोजायला त्यावर पंखा बसवला, तर तो फिरणारच नाही. म्हणून बुडत्या यंत्रांच्या सगळ्या पद्धतींमध्ये पाहायची मुख्य गोष्ट एकच: वेग कशाच्या तुलनेत मोजला आहे? तो संदर्भ निसटला की बाकी आकडे कितीही बारकाईनं मोजलेले असले तरी अर्धवट राहतात.

सर्वांत साधा संदर्भ म्हणजे यंत्र जिथे सोडलं ती जागा आणि जिथे वर आलं ती जागा. विल्यम रिचर्डसन आणि विल्यम श्मिट्झ या समुद्रशास्त्रज्ञांनी १९६५ साली ही पद्धत अमेरिकेच्या आग्नेय टोकाजवळच्या फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीसाठी मांडली. तरंगणारं भांडं, त्याला खाली ओढणारं वजन आणि तळाशी पोहोचल्यावर ते वजन सोडून देणारी यंत्रणा, एवढंच त्यात लागतं. सोडताना जागा आणि वेळ नोंदवायची, यंत्र तळाला जाऊन वजन टाकून परत येतं, तिथली जागा आणि वेळ नोंदवायची. दोन जागांमधलं अंतर भागिले लागलेला वेळ म्हणजे त्या पूर्ण खोलीचा सरासरी वेग. त्याला खोलीनं गुणलं की प्रत्येक मीटर रुंदीतून दर सेकंदाला किती घनमीटर पाणी जातं ते मिळतं. सामुद्रधुनीच्या एका काठापासून दुसऱ्यापर्यंत अशा नोंदी घेऊन बेरीज केली की पूर्ण प्रवाह हाती येतो. फ्लोरिडा प्रवाहाचा तो आकडा सरासरीनं सेकंदाला सुमारे ३ कोटी २० लाख घनमीटर आहे.

यात चूक कुठे होते ते आकड्यांत पाहू. खोली ८०० मीटर, बुडण्याचा आणि वर येण्याचा वेग सेकंदाला १ मीटर धरला, तर पूर्ण फेरीला १,६०० सेकंद लागतात. सरासरी प्रवाह सेकंदाला ८० सेंटिमीटर असेल तर यंत्र १,२८० मीटर वाहून जातं. जागेच्या नोंदीत ५ मीटरची चूक झाली तर वेगात ती जेमतेम ०.३ सेंटिमीटर प्रतिसेकंद उतरते, म्हणजे नगण्य. पण यंत्र वर आल्यावर एक मिनिट कुणाला दिसलंच नाही, तर? पृष्ठभागावरचं पाणी सेकंदाला दीड मीटर धावत असेल तर तेवढ्यात यंत्र ९० मीटर पुढे गेलेलं असतं. मग १,३७० मीटर भागिले १,६६० सेकंद असा हिशोब होतो आणि वेगात सेकंदाला सुमारे अडीच सेंटिमीटरची चूक शिरते. या पद्धतीत डेकवर उभं राहून पाण्याकडे पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना एवढी किंमत आहे. त्यासाठी त्याच वेळी एक साधा तरंगता बोया सोडून पृष्ठभागाचा वेग वेगळा मोजतात आणि वर घालवलेल्या वेळाची दुरुस्ती करतात.

दुसरी अट बुडण्याच्या गतीची. सरासरी खरी ठरायची तर यंत्रानं प्रत्येक थरात सारखा वेळ घालवायला हवा. वरच्या वेगवान थरात ते रेंगाळलं आणि खाली भरभर गेलं, तर सरासरी फुगते. म्हणून वजन आणि उत्प्लावकता आधीच नीट जुळवून घ्यावी लागते.

एवढं करूनही कुठल्या खोलीवर किती वेग, हे कळत नाही. ते हवं तर यंत्र खाली जाताना त्याचा माग काढायला हवा. समुद्राच्या पाण्यात रेडिओ लहरी फार दूर जात नाहीत, म्हणून ध्वनी वापरतात. समुद्रतळावर दोन ध्वनियंत्रं ठेवायची. बुडणारं यंत्र ठरावीक सेकंदांनी साद घालतं, तळाची दोन्ही यंत्रं वेगवेगळ्या कंप्रतेवर उत्तर देतात. ध्वनीला जाऊन यायला लागलेल्या वेळावरून दोन अंतरं कळतात, दाबमापकावरून खोली कळते, आणि या तिन्हींवरून यंत्राची जागा ठरते. पुढच्या जागेतून आधीची वजा केली, मधल्या वेळानं भागलं, की त्या थराचा वेग मिळतो. 'पेगासस' नावाचं असं यंत्र १९८१ साली प्रसिद्ध झालं आणि १९८० च्या दशकात फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीत भरपूर वापरलं गेलं.

हा संदर्भ पक्का आहे, कारण तळ हलत नाही. किंमत मात्र मोजावी लागते. पंधरा सेकंदांच्या अंतरानं काढलेल्या दोन जागांमध्ये अर्ध्या मीटरची चूक असेल तर वेगात तीन सेंटिमीटर प्रतिसेकंदाहून जास्त गडबड होते. ती कमी करायची तर बऱ्याच नोंदींची सरासरी घ्यावी लागते आणि तेवढी खोलीतली बारकाई हरवते. यंत्र तळाच्या दोन ध्वनियंत्रांना जोडणाऱ्या रेषेच्या वर आलं तर रेषेला काटकोनातली हालचाल नीट ठरत नाही, म्हणून सोडायची जागा त्या रेषेपासून मुद्दाम बाजूला निवडतात. आणि प्रत्येक ठिकाणी आधी तळावर यंत्रं ठेवून त्यांच्या जागा पक्क्या कराव्या लागतात. जिथे वर्षानुवर्षं परत परत जायचं आहे तिथेच हे परवडतं.

ध्वनीनं माग काढण्याच्या याच तत्त्वावर हिंद महासागरात एक महत्त्वाचा शोध लागला. जेम्स लुइटेन आणि जॉन स्वॅलो या समुद्रशास्त्रज्ञांनी १९७६ साली पश्चिम हिंद महासागरात विषुववृत्तावर असे उभे छेद, म्हणजे वरपासून खोलवर प्रत्येक थराच्या वेगाच्या सलग नोंदी घेतल्या. खोल पाण्यात त्यांना पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे आळीपाळीनं वाहणारे प्रवाह एकावर एक रचलेले दिसले. काही मोजक्या खोल्यांवर टांगलेल्या मीटरांना हे थर सुटे सुटे, असंबद्ध वेग म्हणून दिसले असते. सलग छेद घेतल्यामुळे त्यांची रचना कळली.

आता तिसरा संदर्भ: पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र. खारं पाणी वीज वाहून नेतं. ते चुंबकीय क्षेत्रातून सरकलं की त्यात विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरडेनं १८३२ साली लंडनच्या वॉटर्लू पुलावर लांब तार टाकून, तिच्या टोकांना बांधलेले धातूचे पत्रे थेम्समध्ये सोडून हा दाब मोजायचा प्रयत्न केला. तत्त्व बरोबर होतं, पण पत्रे आणि पाणी यांच्यात आपोआप तयार होणारा विद्युतदाब इतका मोठा आणि अस्थिर होता की नदीचा संकेत त्यात बुडून गेला. पुढची सगळी यंत्रं या एकाच अडचणीभोवती घडलेली आहेत.

आकडे पाहिले की अडचण किती मोठी ते कळतं. उत्तरेकडच्या समुद्रात चुंबकीय क्षेत्राचा उभा घटक सुमारे ५०,००० नॅनोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) असतो. पाण्याचा वेग सेकंदाला १ सेंटिमीटर धरला तर विद्युतक्षेत्र मीटरमागे अर्धा मायक्रोव्होल्ट येतं. यंत्रावरचे दोन इलेक्ट्रोड एकमेकांपासून ५ सेंटिमीटरवर असतील तर त्यांच्यातला दाब २५ नॅनोव्होल्ट. यंत्राचं शरीर वीज न वाहणारं असल्यामुळे पाण्यातली वीज त्याला वळसा घालून जाते आणि त्याच्या कडेला क्षेत्र दुपटीच्या जवळ जातं, म्हणजे साधारण ५० नॅनोव्होल्ट. इलेक्ट्रोड चांदी आणि चांदीच्या क्लोराइडचे, म्हणजे त्यातल्या त्यात शांत जातीचे घेतले तरी त्यांचा स्वतःचा दाब या संकेताच्या हजारो पट असू शकतो आणि तो तापमानाबरोबर सरकत राहतो.

उपाय असा की यंत्रच फिरवायचं. शेपटीची पाती तिरकी बसवली की बुडताना ते स्वतःभोवती गरगरतं. समुद्रातलं विद्युतक्षेत्र दिशेनं स्थिर असतं, त्यामुळे फिरत्या इलेक्ट्रोडांना ते प्रत्येक फेरीत एकदा वर आणि एकदा खाली असं लाटेसारखं जाणवतं. इलेक्ट्रोडांचा स्वतःचा दाब मात्र यंत्राबरोबर फिरतो, म्हणून तो स्थिर राहतो किंवा फार सावकाश बदलतो. फिरण्याच्या कंप्रतेचा भाग तेवढा गाळून घेतला की हवा तो संकेत वेगळा होतो. दिशा कळण्यासाठी यंत्रात तारेचं एक वेटोळं असतं. चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकात ते फिरलं की त्यातही तसाच चढउतार होतो, आणि या दोन लाटांमधला कलाफरक, म्हणजे एक लाट दुसरीच्या किती पुढे किंवा मागे आहे ते, प्रवाहाची दिशा देतो. ती दिशा चुंबकीय उत्तरेच्या हिशोबानं असते. भौगोलिक उत्तरेकडे वळवताना त्या जागेचं दिक्पात, म्हणजे दोन उत्तरांमधला कोन, घ्यायला विसरू नये.

थॉमस सॅनफर्ड आणि रॉबर्ट ड्रेव्हर यांनी १९७० च्या सुमारास असं मोकळं बुडणारं यंत्र आणलं. त्यातूनच पुढे एकदाच वापरून सोडून देण्याचा छोटा प्रोब तयार झाला. त्याला एक्ससीपी म्हणतात. जहाज चालू असतानाच तो डबा पाण्यात टाकतात. डब्यातला तरंगता भाग वर राहून अँटेना उभारतो, जहाज थोडं पुढे सरकतं आणि मग प्रोब सुटतो. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे, कारण जहाजाचं लोखंड आणि त्याची वीज दोन्ही मोजणी बिघडवतात. प्रोब सेकंदाला साधारण साडेचार मीटर वेगानं बुडतो आणि सेकंदाला सुमारे १६ फेऱ्या घेतो, म्हणजे एका फेरीत २८ सेंटिमीटर खाली जातो. केसासारखी बारीक तार त्याच्या पोटातूनही उलगडत जाते आणि वरच्या डब्यातूनही, त्यामुळे पाण्यात तिला ओढ बसत नाही. संकेत तारेतून वर येतो आणि रेडिओनं जहाजावर जातो. दीड हजार मीटर खोली साडेपाच मिनिटांत संपते. वेगाची चूक साधारण १ सेंटिमीटर प्रतिसेकंदाच्या आसपास राहते.

आता या पद्धतीचा सर्वांत महत्त्वाचा भाग. यंत्राला जाणवलेलं विद्युतक्षेत्र त्या थराचा निखळ वेग सांगत नाही. समजा, तळापर्यंतचं सगळं पाणी एकाच वेगानं चाललंय. प्रभार एका बाजूला ढकलले जातात, साठतात, आणि त्यांच्यामुळे तयार झालेलं क्षेत्र मूळ परिणाम पुसून टाकतं. पाण्याबरोबर वाहणाऱ्या यंत्राला शून्य दिसतं. आता समजा, वरचा थर धावतोय आणि खालचं पाणी स्थिर आहे. वरचा थर बॅटरीसारखा काम करतो आणि खालचं पाणी मंडल पूर्ण करतं. प्रवाहाची रुंदी खोलीच्या मानानं खूप जास्त असली की पाण्यातलं क्षेत्र वरपासून खालपर्यंत जवळपास एकसारखं राहतं आणि त्याची किंमत पूर्ण खोलीच्या सरासरी वेगावरून ठरते. यंत्र जिथे असेल तिथला वेग वजा ही सरासरी, एवढंच त्याला कळतं. शिवाय ही सरासरी साधी नसते. जास्त खारट आणि उबदार पाणी वीज जास्त वाहतं म्हणून त्याला जास्त वजन मिळतं, आणि तळाखालचा गाळही थोडा वाटा उचलतो. घाटातल्या रस्त्याचा प्रत्येक चढउतार बिनचूक काढलेला नकाशा हातात असावा, पण समुद्रसपाटीपासूनची उंची त्यावर लिहिलेली नसावी, तसं हे आहे. पूर्ण छेदाला पूर्वेचा एक आणि उत्तरेचा एक असे दोनच आकडे मिळवायचे असतात, पण ते बाहेरून आणावे लागतात.

याचा एक फायदाही आहे. चुंबकीय वादळात वातावरणाच्या वरच्या थरांतल्या विद्युतप्रवाहांमुळे समुद्रात क्षेत्र तयार होतं, पण ते त्या साडेपाच मिनिटांत वरपासून खालपर्यंत बहुतांशी सारखंच राहतं. म्हणून ते त्या अज्ञात आकड्यात जाऊन बसतं. छेदाचा आकार बिघडत नाही.

बाहेरचा आकडा आणायचा नेहमीचा मार्ग म्हणजे जहाजाच्या बुडाला बसवलेलं डॉपलर प्रवाहमापक. ते पाण्यातल्या कणांवरून परतणाऱ्या ध्वनीच्या कंप्रतेतल्या बदलावरून वरच्या काहीशे मीटरचा वेग मोजतं, आणि जहाजाचा स्वतःचा वेग जीपीएसवरून कळतो. दोन्ही छेद जिथे एकमेकांवर येतात त्या पट्ट्यातला फरक काढायचा आणि पूर्ण छेदाला जोडायचा. जोडण्यापूर्वी तो फरक खोलीबरोबर स्थिर आहे का, हे जरूर पाहावं. तो तिरका जात असेल तर बुडण्याच्या गतीत किंवा दिशेच्या कोनात चूक आहे. सरासरी घेऊन तो तिरकेपणा दडपला तर ती चूक तळापर्यंत वाढत जाते.

जुळवणीचा पट्टा अगदी वरचा घेऊ नये. १० सेकंद आवर्तनकाळाच्या लाटेची लांबी खोल पाण्यात सुमारे १५६ मीटर असते आणि तिची हालचाल त्याच्या निम्म्या, म्हणजे ७८ मीटर खोलीवर जवळपास विरते. साडेचार मीटर वेगाचा प्रोब हे ७८ मीटर १७ सेकंदांत पार करतो, म्हणजे दोन लाटाही पूर्ण होत नाहीत आणि सरासरीनं त्यांचा परिणाम जात नाही. छेदाच्या वरच्या भागात दिसणारा नागमोडी वेग बऱ्याचदा लाटेचाच असतो.

प्रोबमध्ये दाबमापक नसतो. खोली पडायला लागलेल्या वेळावरून काढतात. तार उलगडत गेली की प्रोब हलका होतो आणि त्याची गती थोडी मंदावते, त्यामुळे सूत्रात वेळाच्या वर्गाचंही एक पद असतं. बाकी बिघाड ओळखायला सोपे आहेत: तार जहाजाच्या कडेला घासून तुटली तर संकेत एकदम थांबतो, लाट अँटेनावरून गेली तर काही सेकंदांचं भगदाड पडतं, जहाज फार दूर गेलं तर खरखर वाढत जाते.

एवढा खटाटोप जिथे सार्थकी लागतो अशी जागा म्हणजे डेन्मार्कची सामुद्रधुनी, ग्रीनलंड आणि आइसलंड यांच्या मधली. तिथे थंड, जड पाणी उंबरठ्यावरून ओसंडून अटलांटिकच्या तळाकडे उतरतं. त्याची जागा आणि जाडी दिवसादिवसाला बदलते. दर ठिकाणी थांबून तारेवर मीटर सोडत बसलं तर सामुद्रधुनी ओलांडून छेदांची रांग पूर्ण होईपर्यंत प्रवाह बदललेला असतो. १९९८ च्या मोहिमेत चालत्या जहाजावरून एक्ससीपी टाकत काही तासांत अशा रांगा पूर्ण करता आल्या. प्रोब परत घ्यायचा नसल्यामुळे तो थेट तळावर आपटतो आणि शेवटच्या काही मीटरचाही वेग देऊन जातो. तळालगतचा वेग उंचीच्या लघुगणकाप्रमाणे वाढतो. त्या वक्राच्या उतारावरून तळाचं घर्षण काढता येतं. काडिझच्या आखातात भूमध्य समुद्रातून बाहेर पडणाऱ्या खारट पाण्यावर १९८८ च्या मोहिमेतले छेद याच कामी आले. तारेला बांधलेलं महागडं यंत्र तळाच्या इतक्या जवळ न्यायला कुणाचा हात धजावत नाही.

याच तत्त्वावर परत वापरता येणारा फ्लोटही आहे. ईएम-एपेक्स स्वतःचं आकारमान कमी-जास्त करून खालीवर करतो आणि पृष्ठभागावर आला की जीपीएसनं जागा घेऊन उपग्रहामार्फत माहिती पाठवतो. दोन जागांमधलं खरं अंतर आणि छेदातून काढलेलं अंतर यांच्यातल्या फरकावरून तो हरवलेला आकडा मिळतो. इथे रिचर्डसनची जुनी पद्धत चुंबकीय पद्धतीला येऊन मिळते. २००४ साली फ्रान्सिस चक्रीवादळाच्या वाटेवर विमानातून असे तीन फ्लोट टाकले होते. वाटेच्या उजवीकडे वरच्या थराचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आसपास गेलेला त्यांनी टिपला. अशा समुद्रात कुठलंही जहाज थांबून मोजणी करू शकलं नसतं.

आपल्या किनाऱ्यावर मात्र ही पद्धत अवघड जाते आणि त्याचं कारण अलिबागच्या वेधशाळेच्या नोंदींत आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय मोजणी १९०४ साली तिथे हलवली. अलिबागला चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला आहे आणि उभा त्याच्या साधारण निम्मा. उभा घटक कमी म्हणजे संकेतच कमी: डेन्मार्कच्या सामुद्रधुनीच्या मानानं चाळीस टक्क्यांच्याही खाली. आडवा घटक जास्त असणं त्याहून जाचक. प्रोब खाली पडताना हाच आडवा घटक कापत जातो आणि त्यातून पूर्व-पश्चिम दिशेला खोटं क्षेत्र तयार होतं, जे उत्तर-दक्षिण प्रवाहासारखं दिसतं. साडेचार मीटर गतीला मुंबईच्या अक्षांशावर या खोट्या संकेताची किंमत ढोबळमानानं सेकंदाला साडेचार मीटर प्रवाहाएवढी होते, डेन्मार्कच्या सामुद्रधुनीत अर्ध्या मीटरच्या आसपास. तो वजा करता येतो, पण बुडण्याच्या गतीत एक टक्का चूक असली तरी आपल्याकडे साडेचार सेंटिमीटरचा घोळ उरतो. ती चूक खोलीबरोबर बदलत असेल तर प्रवाहात नसलेले थर छेदात दिसू लागतात.

दक्षिणेला गेलं की हे आणखी बिघडतं. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. केरळमधल्या थुंब्याचं रॉकेट केंद्र १९६३ साली तिथे उभं राहिलं ते याच कारणानं. त्या पट्ट्यात उभा घटक शून्याकडे जातो आणि विद्युत पद्धतीला मोजायला काही उरत नाही. ध्वनीला चुंबकीय क्षेत्राशी देणंघेणं नसल्यामुळे तिथे तळाच्या ध्वनियंत्रांचा किंवा डॉपलरचा मार्गच घ्यावा लागतो. गोव्यात दोना पावल इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं पश्चिम किनाऱ्यालगतच्या प्रवाहांसाठी नांगरलेली डॉपलर मापकं ठेवली आहेत. तिथे संदर्भ पुन्हा समुद्रतळाचाच आहे.